ओरखड्यांमागची मुलगी

१

मधुवंतीचं काम असं होतं, की ते नीट झालं तर कुणाच्या लक्षातही येऊ नये. जुन्या अमेरिकन चित्रपटांची रिळं स्कॅन होऊन सिंगापुरातल्या बुकित बातोकच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका ऑफिसात यायची, आणि तिथल्या बिनखिडकीच्या खोलीत बसून ती एकेका फ्रेमवरची धूळ, बुरशीचे ठिपके आणि ओरखडे पुसायची. पडद्यावरच्या एका सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे नटाने नुसती भुवई उंचावली तरी मधुवंतीची सकाळ त्यात जायची. तिचा नवरा प्रसन्न बँकेत अकाउंट्स बघायचा. तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तो ओळख करून द्यायचा, "आमची ही मेलेल्या नटांची तोंडं धुते." या वाक्याला हमखास हशा पिकायचा. मधुवंतीही हसायची, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं.

कामाचा नियम एकच, आणि तो तिची वरिष्ठ रोहाना हिने पहिल्याच दिवशी तिच्या गळी उतरवला होता. फ्रेममधलं जे गेलंय ते शेजारच्या फ्रेममधून उचलायचं. पदरचं काही घालायचं नाही.

२००६ च्या गणपतीनंतर हॅथर्लींचा तिसरा चित्रपट तिच्या टेबलावर आला. हॅथर्ली हे अभिनयाचं घराणं. थोरला लॉरेन्स मूकपटांपासूनचा, मुलगा बोलपटांत गाजलेला, मग पुढची पिढी टीव्हीवर. तोंडाला रंग लागल्याशिवाय त्या घरात बारसंसुद्धा होत नसावं. त्यांची एक रीत होती. घरातलं मूल पहिल्यांदा पडद्यावर यायचं ते थोरल्याच्याच चित्रपटात. म्हातारा टेबलाशी बसलेला, मूल दारात उभं. तो हाक मारायचा, मूल आत यायचं, आणि त्या काळातल्या वर्तमानपत्रांनी लिहिलंय की थिएटरात टाळ्या पडायच्या. मधुवंतीने आधीच्या दोन चित्रपटांत अशी दोन मुलं धुऊन काढली होती, खलाशाच्या कपड्यांतला एक मुलगा आणि कुरळ्या केसांची एक मुलगी. दोघंही आत येताना जरा अडखळतात. ते तिला फार गोड वाटलं होतं.

२

तिसऱ्या चित्रपटातही तीच जेवणाची खोली होती. म्हातारा मांस कापतोय, मेणबत्त्या जळतायत, डावीकडे दार. दारात मात्र कुणी दिसत नव्हतं. तिथे नुसते ओरखडे होते.

प्रोजेक्टरच्या चाकात घासून पडलेले ओरखडे उभे असतात आणि एका फ्रेममधून दुसऱ्या फ्रेममध्ये सरळ उतरत जातात. हे तसे नव्हते. दाराच्या चौकटीपुरतेच होते, बारीक, गोल गोल, प्रत्येक फ्रेममध्ये नव्याने काढलेले. कुणीतरी सुई घेऊन बसलं होतं. पोराटोरांचा चाळा म्हणावा तर हात फार सावध होता. रागाने केलं म्हणावं तर राग एवढा टिकत नाही. इतकं काम माणूस फक्त भीतीपोटी करतो, असं मधुवंतीच्या मनात आलं आणि तिने ते झटकून टाकलं. तिच्या लेखी बिघाड तो बिघाड. तो काढायचा, बस्स.

सुई कधी इकडे चुकली होती, कधी तिकडे. एका फ्रेममधून बुटाचं टोक मिळालं, दुसऱ्यातून फ्रॉकची झालर, तिसऱ्यातून चौकटीवर टेकलेला हात. दाराशी सातआठ वर्षांची मुलगी उभी राहिली. फक्त चेहरा मिळेना. चेहऱ्यावर सुई एकदाही चुकली नव्हती.

तिथे मधुवंतीने नियम मोडला. गणपतीच्या दिवशी तिने आपल्या ऋताचा एक फोटो काढला होता. खिडकीशी उभी, मान जराशी वळवलेली, डावीकडून उजेड. जसा हवा तसा. तिने त्यातला रंग काढला, तो थोडा धूसर केला, जुन्या फिल्मची खरखर त्यावर पसरली आणि तो चेहरा मुलीच्या मानेवर बसवला. तो इतका बेमालूम बसला की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. बोटभर तर चेहरा, कुणाला कळणार? आणि खरं सांगायचं तर आपली लेक त्या मोठमोठ्या नटांच्या पंगतीला उभी आहे याचा तिला चोरटा आनंदही झाला होता. असा मोह कुठल्या आईला होणार नाही?

"चेहरा मिळाला?" रोहानाने मागून जाताना विचारलं. "कुठून?"

"एका फ्रेममध्ये सापडला," मधुवंती थाप मारून मोकळी झाली.

३

ऋता आठ वर्षांची. सिंगापुरातच जन्मलेली, तिथल्याच शाळेत जाणारी. आई मराठीत विचारायची आणि ती 'डोन्ट वॉन्ट लाह' म्हणून पळायची. या 'लाह'चा, सिंगापुरी इंग्रजीतल्या वाक्यामागच्या त्या शेपटाचा, प्रसन्नला भारी राग. त्यासाठी त्याने तिला इंग्रजी संभाषण आणि नाट्याच्या क्लासलाही घातलं होतं.

मधुवंतीचं चित्रपटातल्या त्या दारावर काम सुरू होऊन आठवडा झाला असेल. एका संध्याकाळी प्रसन्न स्वयंपाकघरात आला आणि हळूच म्हणाला, "ऐकलंस का? बंद झालं."

"काय बंद झालं?"

"लाह. दोन दिवस झाले, एकदाही नाही. इतकं स्वच्छ बोलते! अगदी जुन्या पिक्चरमधल्यासारखं. क्लास कामी आला बघ."

मधुवंतीने पानं घेतली. "ऋता, जेवायला ये गं," तिने हाक मारली. ऋता स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली आणि थांबली. एक हात चौकटीला टेकलेला, एका पायाचं पाऊल दुसऱ्यावर. ती टेबलाकडे बघत होती, आई-बाबांकडे नव्हे, तर टेबलाच्या ज्या टोकाला कुणीच बसत नाही त्या रिकाम्या खुर्चीकडे.

"अगं, ये ना. वरण गार होतंय."

"आय हॅव नॉट बीन कॉल्ड," ऋता म्हणाली. शब्द गोल गोल, एकेक सुटा.

"मी बोलावतेय की."

"नॉट यू, आई."

प्रसन्न खो खो हसला. मधुवंती उठली, तिने लेकीचं मनगट धरलं आणि तिला आत ओढून आणलं. मनगट गारठलेलं होतं. एसी जास्त झाला असेल, असं ती स्वतःशी म्हणाली आणि तो बंद करायला गेली. मग लक्षात आलं, एसी लावलेलाच नव्हता.

४

शाळेतून वर्गाचा फोटो आला. तीन रांगा, सगळी मुलं दात काढून हसतायत. मधल्या रांगेत ऋताच्या चेहऱ्याच्या जागी बारीक पांढऱ्या रेघा होत्या.

"छपाईत घोळ झालाय," प्रसन्न म्हणाला. "उद्या शाळेत फोन करतो. आपलीच पोरगी सापडली का यांना!"

मधुवंतीने फोटो दिव्याखाली धरला. ओरखडे ओळखणं हा तिच्या पोटाचा धंदा होता. छपाईचा घोळ असा गोल गोल फिरत नाही.

प्रसन्न अंघोळीला गेल्यावर तिने घरचा कॉम्प्युटर लावला आणि गणपतीचे फोटो उघडले. खिडकी होती, पडदा होता, मोदकांचं ताट होतं, ऋताचा जांभळा परकर होता. चेहऱ्यावर रेघा. फाइल खराब झाली असेल? पण खराब फाइलचे चौकोन पडतात, ती मध्येच करडी होते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने मागचे फोटो पाहिले. वाढदिवस, रेघा. सेंतोसा बेटावरची सहल, रेघा, पण विरळ. जन्मल्यानंतर हॉस्पिटलात काढलेला पहिला फोटो तेवढा शाबूत होता, आणि तोही किती दिवस राहील ते सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने दारातली मुलगी मोठी करून पाहिली. तिने बसवलेला चेहरा धूसर होता. मुद्दामच केला होता. आता पापण्या मोजता येत होत्या. ओठांच्या कडेला मोदकातल्या सारणाचा कण होता, जो तिला मूळ फोटोतसुद्धा दिसला नव्हता. तिची मुलगी थोडी थोडी करून घरातून तिकडे चालली होती, आणि नेऊन पोचवत होती ती स्वतः, रोज नऊ ते सहा.

५

त्याच आठवड्यात अमेरिकेतून फोन आला. रोहानाने कामाचा नमुना पाठवला होता आणि तो पाहून हॅथर्ली घराण्याच्या वारसदार बाईंना ओरखडे पुसणाऱ्या व्यक्तीशीच बोलायचं होतं. आवाज म्हातारा होता, पण शब्द गोल गोल, एकेक सुटा. हल्ली ऋताचे असतात तसे.

"दारातले ओरखडे तुम्ही काढलेत," बाई म्हणाल्या.

"हो. तेच तर काम आहे आमचं."

"ते माझ्या वडिलांनी घातले होते. आजोबा गेल्यावर, एकट्याने बसून. मूळ निगेटिव्हवर."

"का?"

"आणखी कुणी आत ओढलं जाऊ नये म्हणून. तुम्ही कुरळ्या केसांच्या मुलीचा चित्रपट साफ केलात ना? ती मी. मला आत बोलावलं आणि मी गेले. त्याआधी मी कुठे होते, कुणाची होते, ते मला आठवत नाही. मी खूप वर्षं आठवून पाहिलं. आमच्या घरात इतकी मुलं जन्मलीच नव्हती हो."

मधुवंतीला वाटलं, बाईंचं वय झालंय, भ्रमिष्टपणा असेल, आपण हो हो म्हणून फोन ठेवावा. तेवढ्यात बाईंनी विचारलं, "चेहरा कुणाचा दिलात?"

"माझ्या मुलीचा," मधुवंती म्हणाली. तिला खोटं बोलवलं नाही.

मग बाई म्हणाल्या, "तो हाक मारतो तिथपर्यंत पोचलात का?"

"अजून नाही. शेवटचा थोडा भाग राहिलाय."

"ती आत गेली की परत कशी आणायची ते मला विचारू नका," बाई म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

६

शनिवारी ऑफिसात कुणी नसतं. मधुवंती सकाळीच ऋताला घेऊन गेली. प्रसन्नला तिने सगळं सांगून पाहिलं होतं. तो म्हणाला, "तू रजा घे, तुला विश्रांतीची गरज आहे." मग तिने त्याचा नाद सोडला. माणूस चांगला, पण डोळ्यांसमोरची गोष्टही त्याला दोनदा तपासून बघायला लागते आणि तिच्याकडे तेवढा वेळ नव्हता.

ऋता खुर्चीत बसून राहिली, हात मांडीवर, पाठ ताठ. तिने काही मागितलं नाही, कशालाही हात लावला नाही. ट्यूबलाइटखाली तिचा चेहरा करडा दिसत होता.

पहिला उपाय सोपा वाटला. ओरखडे काढले तसे परत घालायचे. मधुवंतीने दारातल्या मुलीच्या गालावर एक बारीक पांढरी रेघ ओढली.

"आउच," मागून आवाज आला. ऋताने गालावर बोट ठेवलं होतं. बोटाखाली केसाएवढी पांढरी रेघ उमटली होती. मधुवंतीने झटकन रेघ पुसली, मॉनिटरवरची. गालावरचीही गेली. ती लेकीला जवळ घेऊन उभी राहिली, आणि ऋता तिच्या खांद्यावरून मॉनिटरकडे बघत राहिली.

म्हणजे हा चेहरा पुसता येणार नव्हता. बदलता मात्र आला असता. दाराला एक चेहरा हवा होता, कुणाचाही. रोहानाच्या टेबलावर तिच्या मुलाचा फोटो होता. नमुन्यादाखल ठेवलेल्या शेकडो अनोळखी मुलांचे चेहरे मशीनमध्येच होते. मधुवंतीने एक उघडलासुद्धा. पुढचे दोन दात पडलेला, हसरा. कुणाचा होता कुणास ठाऊक. कुठेतरी त्याचीही आई त्याला जेवायला हाक मारत असेल. तिने तो बंद केला.

ती बसून राहिली आणि विचार करत राहिली. हाक मारली की लहान मूल जातं. मोठ्यांनी बोलावलं की जायचं, असंच आपण त्यांना शिकवतो. मोठ्या बाईला मात्र नाही म्हणता येतं. मधुवंतीला फारसं कधी जमलं नव्हतं. सासरी नाही, ऑफिसात नाही. पण ते अशक्य नव्हतं.

तिने कॅमेरा ऋताच्या हातात दिला. "माझा फोटो काढ. मी अशी वळून बघते. हे बटण."

ऋताने फोटो काढला. तो मशीनमध्ये उतरवून मधुवंती कामाला लागली. रंग काढला, धूसर केला, खरखर पसरली. पहिल्या फ्रेमपासून सुरुवात केली आणि एकेका फ्रेममधून लेकीचा चेहरा उचलून तिथे आपला ठेवत गेली. लहान मुलीच्या फ्रॉकवर छत्तीस वर्षांच्या बाईचं तोंड. दिसायला ते भयंकर होतं. इतकं वाईट काम तिने आयुष्यात केलं नव्हतं, आणि इतकं मन लावूनही केलं नव्हतं. हाताला कळा आल्या, डोळ्यांना पाणी सुटलं, पण ती उठली नाही. तो म्हातारा मॉनिटरवर शांतपणे मांस कापत होता. तिला वाटलं, त्याला घाई नाहीये. त्याने मधुवंतीच्या जन्माच्या आधीपासून वाट पाहिली होती.

दुपार उलटून गेली असावी. मागे खुर्ची करकरली.

"आई, आय व्हेरी हंग्री लाह. सो लाँग ऑलरेडी!"

मधुवंती गर्रकन वळली. ऋता खुर्चीत उलटी लटकत होती, केस जमिनीला टेकलेले, चेहरा लाल झालेला. मधुवंतीने तिला उचललं आणि तिचे इतके मुके घेतले की ती वैतागून ओरडली, "ई, स्टॉप लाह!" त्या 'लाह'साठी मधुवंतीने तिला सोन्याने मढवलं असतं. तिने प्रसन्नला फोन केला. तो कुरकुरत आला, ऋताने खाली उतरताच चिकन राइस, चिकन राइस म्हणून नाचायला सुरुवात केली, आणि मधुवंतीने दोघांना गाडीपर्यंत सोडलं.

"तू येत नाहीस?" प्रसन्नने विचारलं.

"थोडं राहिलंय. आटपते आणि येते." मग ती खिडकीत वाकून म्हणाली, "ऋताकडे लक्ष दे. नुसतं बघू नकोस, लक्ष दे."

७

शेवटचा तुकडा राहिला होता. हाकेचा. तो तसाच सोडला असता तर सोमवारी रोहाना त्यावर कामाला बसली असती, किंवा दुसरं कुणी, आणि त्यांना माहीत नसतं. मधुवंतीने तोही पुरा केला, आवाज वाढवला आणि दृश्य सुरू केलं.

मेणबत्त्या जळत होत्या. सुरी ताटावर घासल्याचा आवाज येत होता. दारात मधुवंती उभी होती, आखूड फ्रॉक घालून, चौकटीला हात लावून. म्हाताऱ्याने सुरी खाली ठेवली. मान वळवली. किती देखणा होता तो! अशा माणसाने बोलावलं तर कुणीही गेलं असतं. तो दाराकडे बघून हसला आणि म्हणाला, "कम इन, माय डिअर."

त्या आवाजात इतकी माया होती, की मधुवंतीचे पाय खुर्चीखाली आपोआप हलले. आत ऊब असेल, जेवण वाढलेलं असेल, आणि तिथे गेल्यावर माणसाला काहीच आठवत नाही. सासर नाही, माहेर नाही, थकवा नाही. तिने टेबलाची कड घट्ट धरली.

"नाही," ती मोठ्याने म्हणाली. "मी येणार नाही. आणि माझी मुलगीही येणार नाही."

दारातल्या बाईने मान हलवली. नाही म्हणून, दोनदा, स्पष्ट. मधुवंतीने तसं काही रंगवलं नव्हतं.

इथे रीळ संपतं, मूल आत येण्याचा भाग त्यात उरलेलाच नाही. म्हाताऱ्याच्या हसण्यावर अंधार होतो आणि संपतं. तिने हे दृश्य इतक्यांदा पाहिलं होतं, की झोपेतही सांगू शकली असती. पण अंधार झाला नाही. म्हाताऱ्याचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण डोळे त्या दारातल्या बाईवरून निघाले आणि हळूहळू समोर आले, जिथे एरवी कॅमेरा असतो. त्याने रुमालाने ओठ टिपले. मग खुर्ची मागे सारून तो उठला.

मधुवंतीही उठली. तिने खोलीचं दार आतून लावून घेतलं, बाहेरची वाट अडवून दाराला पाठ लावली आणि मॉनिटरकडे तोंड करून तो येण्याची वाट बघत उभी राहिली.